बाटली हलवण्याचं काम

लक्ष्मीपुरीत रिक्षा अडकली तेव्हा क्रांतीला कसलीही घाई नव्हती. पुढं एका टेम्पोतून कुणाचं तरी नवं बेसिन उतरवत होते, चौघं ते धरून होते आणि पाचवा नुसत्याच सूचना देत होता. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न मारला आणि मग मावा मळायला घेतला. डाव्या हाताला हार्डवेअरचं दुकान होतं. काउंटरपाशी एक मुलगी उभी होती, डोळे मिटून, आणि तिनं हातातला रुंद ब्रश आपल्या गालाला लावला होता. गालाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत एकदा खाली, मग एकदा वर. तो ब्रश तिनं बाजूला ठेवला, दुसरा उचलला आणि पुन्हा तसंच केलं. दुकानदार काहीतरी बोलला, तशी ती डोळे न उघडताच हसली. क्रांतीच्या छातीत, जिथं गेले एकोणीस दिवस काहीच हलत नव्हतं, तिथं एकदम काहीतरी सरकलं. ते दुःख नव्हतं. दुःख असतं तर तिनं ते ओळखलं असतं, दुःखावरची पुस्तकं तिनं खूप वाचली होती. स्टीलच्या भांड्याला नख लागावं तसं काहीतरी होतं ते. तो गाल आबांचा होता.

आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पन्नास वर्षं लाकडाला पॉलिश केलं. शुक्रवार पेठेत त्यांना बाळासो पॉलिशवाले म्हणत. लाख आणि स्पिरिट यांनी त्यांच्या तळहातांची कातडी जोड्याच्या तळासारखी झाली होती. त्यांना चहाचा गरम पेला कळत नसे, आईच्या कपाळाला हात लावून ताप कळत नसे. म्हणून ब्रशचे केस मऊ आहेत की राठ, ते गालाला लावून बघत. "तळहात मेलेत माझे," ते म्हणत, "गाल तेवढा जिता हाय." ही एक गोष्ट क्रांती मनात जपून होती. कुणाला सांगण्यासारखी ती नव्हती आणि सांगितली असती तरी कुणाला काय कळणार, म्हणून ती तिची होती. आणि आता ही मुलगी, जिचे तळहात चांगले जिवंत होते, जिला गाल लावायचं काही कारणच नव्हतं, ती भर बाजारात दुकानदाराशी हसत आबांचा गाल वापरत होती. कारण सोडून दिलं होतं आणि नुसती लकब उचलली होती. बेसिन एकदाचं उतरलं, रिक्षा हलली. क्रांतीनं मागं वळून पाहिलं नाही, पण मुलीचं नाव तिच्या जिभेवर आलंच. स्वप्नाली.

आबा गेल्यावर दहाव्या दिवशी घाटावर तिनं तिला पहिल्यांदा नीट पाहिलं होतं. पंचगंगेचं पाणी उन्हाळ्यानं खाली गेलेलं, पायऱ्या तापलेल्या, आणि बायकांच्या घोळक्यात एक तिशीतली, पंजाबी ड्रेस घातलेली, नखांच्या कडांत तपकिरी रंग बसलेली मुलगी 'आबा, आबा' करून रडत होती. आबा हा घरातला शब्द होता. निदान क्रांती तसं समजत होती. क्रांतीला त्या दिवशी रडू येत नव्हतं. ती भटजींना लागेल ते हातात देत होती, पानं मोजत होती, मिनिटा-मिनिटाला घड्याळ बघत होती. त्यामुळं नेसरीहून आलेल्या चिमणाबाई, आबांच्या आतेबहीण, बराच वेळ त्या मुलीच्याच पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि शेवटी शेजारणीला म्हणाल्या, "ही धाकटी व्हय गं बाळासोची? थोरलीपरास हिचाच जीव जास्त दिसतुया." शेजारणीनं त्यांना कोपर मारलं. क्रांतीनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढचं पान ठेवलं. एकुलत्या एका मुलीला धाकटी बहीण मिळाली होती, तीही वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बापाच्या दहाव्याला.

संध्याकाळी ती कॉलेजच्या लायब्ररीतून परतली आणि चहा टाकून गॅसपाशी उभी राहिली, तेव्हा पिराजीअण्णांचा फोन आला. पिराजीअण्णा हे तालमीचे जुने कारभारी. तालमीच्या शर्यतीच्या नावेचा संसार तेच सांभाळत. ते फोनवर नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलत. "क्रांतीबाई, नाव तशीच पडलीय की ओ! बाळासोनं सात हात मारून ठेवल्यात वार्निसचे. आठवा ऱ्हायला. येत्या रविवारी पाण्यात सोडायचीय. कुरुंदवाडची पोरं महिन्यामागंच उतरल्यात, रोज सराव चाललाय त्यांचा." क्रांती म्हणाली, "मग स्वप्नाली आहे ना तुमची." "हाय की. ती करणारच हुती. पर मी म्हटलं, मान कुणाचा? लेक तू हाईस. शेवटचा हात लेकीनं मारला तर बाळासोला बरं वाटंल. आता तू न्हाय म्हणलीस तर..." "मी करते," क्रांती म्हणाली. चहा उतू गेला. गॅस बंद करता करता तिला कळलं, की हे आपण आबांसाठी बोललेलो नाही. ती करणारच होती, हे वाक्य कानात शिरलं आणि तोंडातून होकार निघाला.

तिनं आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नव्हता. धरू दिला नव्हता. शुक्रवार पेठेतल्या घराला पुढं दहा बाय बाराची खोली होती, तेच आबांचं दुकान. तिथं लग्नाचे पलंग, कपाटं, डॉक्टरांची टेबलं आपापल्या पाळीची वाट बघत उभी असत. खोलीला एक गोड, डोक्यात चढणारा वास होता. चपडा लाखेची पातळ, मधाच्या रंगाची पत्री आबा स्पिरिटच्या बाटलीत टाकत, आणि ती विरघळेपर्यंत बाटली येता-जाता हलवत राहावी लागे, नाहीतर लाख तळाशी गोळा होऊन बसे. हे काम क्रांतीचं होतं. पाच वर्षांची असल्यापासून. शाळेतून आली की दप्तर टाकून ती बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरायची आणि मोठ्यानं पन्नासपर्यंत मोजत हलवायची. आत मधाचं वादळ उठायचं. आबा पाठमोरे, टेबलावर कापडाचा बोळा गोल गोल फिरवत, तिच्या आकड्यांवर त्यांचा हात चालायचा. ती चुकून सत्तावीसवरून एकोणतीसवर गेली, की त्यांचा हात थबकायचा. "अठ्ठावीस कुठं गेलं?" ते न वळता विचारायचे. दोघांनी मिळून केलेलं असं जगात एवढंच एक काम होतं.

ते संपलं नवव्या वर्षी. कुणा वकिलाच्या मुलीच्या लग्नातलं सागवानी टेबल होतं, शेवटचं पॉलिश झालेलं. त्यात खोलीचा दरवाजा, दरवाजातला रस्ता आणि रस्त्यावरून जाणारी सायकलसुद्धा दिसत होती. त्यात आपण दिसतो का बघायला ती वाकली आणि तोल सावरायला चार बोटं टेकली. ओलं होतं. आबा ओरडले नाहीत. त्यांनी तिची बोटं स्पिरिटनं पुसली, एकेक करून, आणि मग रात्रभर, दुसरा दिवसभर ते टेबल पुन्हा घासत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी रद्दीवाल्याकडून गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा आणून आतल्या खोलीत तिच्यापुढं ठेवला. "तुझे हात हे धरायला हाईत. हिकडं यायचं न्हाय आता." ती गेली नाही. तिनं तो गठ्ठा वाचला, मग शाळेची लायब्ररी वाचली, मग गावातल्या सगळ्या लायब्ऱ्या वाचल्या आणि शेवटी एका लायब्ररीतच नोकरीला लागली. बापानं आपल्याला शिकवलं, असं ती लोकांना सांगत आली आणि ते खरंच होतं. पण कधी कधी भर दुपारी, कपाटांच्या रांगांमध्ये, आपल्याला कुठूनतरी बाहेर काढलेलं आहे असं तिला वाटे, आणि कुठून ते आठवायला तिला क्षणभर लागे.

मग सनमायका आला, पॉलिश संपलं, आई गेली. आबांना राजारामपुरीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये करमेना म्हणून ते शुक्रवार पेठेतच राहिले आणि अडुसष्टाव्या वर्षी तालमीच्या नावेच्या मागं लागले. पहिल्या वर्षी त्यांनी वल्ह्यांना आपलं लाखेचं पॉलिश मारलं, ऐटीत, आणि पहिल्याच पाण्यात वल्ही दूध सांडल्यासारखी पांढरी झाली. तालमीची पोरं हसली. त्या आठवड्यात आबांचा फोन आला होता. पाण्यातल्या लाकडाचं म्हणून वेगळं वार्निश मिळतं, बोटीचं, मरीन म्हणतात. डबा आणलाय, पण वरचं सगळं इंग्लिश आहे. "जरा वाच की गं काय लिवलंय ते." लायब्ररीत तेव्हा पुस्तकांची मोजणी चालली होती. ती म्हणाली, "फोटो पाठवा कुणाकडून तरी, निवांत वाचून सांगते." फोटो आला. निवांत कधी झालं नाही. पुढच्या वेळी तिनं आठवणीनं विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. स्वप्नालीनं वाचलं." तिनं ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गाड्यांचे नंबर आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारी कुणी मुलगी, नावेवर 'वाघीण' असं नाव काढायला आली होती आणि परत गेलीच नाही. पाच वर्षं दर उन्हाळ्यात ती आबांबरोबर घासत होती, पुसत होती, ब्रश मारत होती. आबा तिला 'हिकडं यायचं न्हाय' म्हणाले नव्हते. तिचे हात कशासाठी आहेत हे त्यांनी ठरवून टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नाव बघायला गेली. घाटावरच्या वळणाशी तालमीची पत्र्याची शेड होती. आत चाळीस फूट लांबीची नाव लाकडी घोड्यांवर पालथी-उताणी करून शेवटी उताणी ठेवलेली. बाहेरून रंग, आणि आतून काठ, बसायच्या सहा फळ्या, सगळं वार्निशचं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे फळ्यांवर पडले होते आणि लाकडात खोल, पाण्याखाली असावं तसं, सागवानाचं अंग दिसत होतं. ते इतकं सुंदर होतं की क्रांतीला राग आला. हे होत असताना आपण कुठं होतो? खिळ्याला आबांचा ब्रश टांगलेला होता, केस खाली टेकू नयेत असा, टर्पेंटाइनच्या कापलेल्या बाटलीत अर्धा बुडवून. "आबांचाच हाय," मागून येत स्वप्नाली म्हणाली. "मी दुसरा बघितला काल, चार दुकानं फिरले. पर तसला न्हाय मिळत. तुमीच वापरा हा." ती बोलताना ओढणीनं हात पुसत होती. क्रांतीनं बघितलं, तिच्या तळहातावर कातडी जाड व्हायला लागली होती.

"आबा लई सांगायचे तुमचं," स्वप्नाली म्हणाली. "चौथीत निबंधात पहिल्या आलता ते. कावीळ झालती ते. तुमाला पिवळं धमक वरण दिलं की तुमी रडायचा, म्हणायचा ह्येला पण कावीळ झालीय." ती हसली. क्रांती हसली नाही. आपलं आयुष्य कुणी घरात शिरून कपाटातून काढून वापरावं तसं तिला झालं. पिराजीअण्णा नावेच्या नाकाशी खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "बाई, पुस्तकं वाचून नाव चालत असती तर आमी लायब्ररीलाच वल्ही लावली असती. ही काय सांगती ते ऐक नीट." स्वप्नाली सांगू लागली. सकाळी आठ ते दहाच करायचं, पुढं ऊन चढलं की वार्निश सरळ पसरत नाही. आधी फरशीवर पाणी मारायचं, म्हणजे धूळ खाली बसते. ब्रश टाकायचा, ओढायचा आणि सोडायचा, परत परत फिरवायचा नाही. मागं वळून बघायचं नाही. "आन् डबा," ती म्हणाली, "डबा काय..." "डब्याचं मला माहितीय," क्रांती म्हणाली. तिचा आवाज लायब्ररीत मोठ्यानं बोलणाऱ्या मुलांना गप्प करतानाचा होता. "पॉलिशवाल्याची मुलगी आहे मी." स्वप्नालीनं मान डोलावली. "व्हय ताई. तुमाला काय सांगायचं." तिनं शेडची किल्ली क्रांतीच्या हातावर ठेवली. "मी येते उद्या आठाला."

क्रांती सातलाच गेली. वाटेत तिनं स्वतःला सांगितलं की फरशीवर पाणी मारायला वेळ लागेल. पण ते कारण नव्हतं, आणि ती कारणांच्या बाबतीत स्वतःशी फार वेळ खोटं बोलू शकत नसे. तिला त्या शेडमध्ये आबांबरोबर एकटीनं असायचं होतं. मुलगी यायच्या आत हात पुरा करून, ब्रश खिळ्याला लावून, बाहेर पायरीवर बसलेलं असायचं होतं. नदीवर धुकट उजेड होता, पलीकडं कुणीतरी म्हशी धूत होतं. तिनं पाणी मारलं. ब्रश काढून कापडानं कोरडा केला आणि शेडमध्ये कुणी नसतानाही चोरट्यासारखं इकडंतिकडं बघून गालाला लावला. केस थंड होते. टर्पेंटाइनचा वास आला, लाखेचा नाही. तिला काहीच कळलं नाही, ते मऊ की राठ. मग तिनं डबा उचलला. जड, गार, आत काहीतरी संथ डुचमळणारं. आणि तिचे हात, सदतीस वर्षं नुसती पुस्तकं धरलेले हात, तिला न विचारता छातीशी आले. तिनं डबा हलवला. एक, दोन, तीन. पुटपुटत, मग मोठ्यानं. शेडच्या पत्र्यावर आकडे आपटून परत येत होते. सत्तावीसनंतर तिनं अठ्ठावीस म्हटलं, मुद्दाम सावकाश, आणि थांबली. कुणी काही विचारलं नाही. ती पुढं मोजत गेली, पन्नासला थांबायचं ते थांबलीच नाही, सत्तर, ऐंशी, दंड भरून आले, डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते तिला कळलं नाही. शंभराला तिनं डबा खाली ठेवला. एकोणीस आणि दोन, एकविसाव्या दिवशी ती बापासाठी रडली होती, वार्निशचा डबा हलवत, आणि जगात कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवायला नव्हतं, हे तिला फार बरं वाटलं.

हात सरळ चालला. टाकायचा, ओढायचा, सोडायचा. ओली फळी आरशासारखी उजळत जाई. दुसरी, तिसरी. तिला वाटलं, हे माझ्या हातातच होतं, नुसतं अडवून ठेवलेलं होतं. चौथी फळी झाली आणि तिनं, बघायचं नाही असं सांगितलेलं असूनही, मागं वळून पाहिलं. ऊन आता पहिल्या फळीवर आलं होतं. आरशात काहीतरी होतं. ती वाकली, पण या वेळी बोटं टेकली नाहीत. खसखशीसारखे बारीक बारीक बुडबुडे, शेकडो, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, काही फुटून त्यांच्या जागी टाचणीएवढे खड्डे पडलेले. तिनं ब्रश फिरवून ते मोडायचा प्रयत्न केला, तसा वार्निशला चर पडला आणि भरून आला नाही. आबांच्या सात हातांवर तिचा आठवा हात देवी आल्यासारखा उठला होता.

"ताई?" स्वप्नाली दारात उभी होती. मागून पिराजीअण्णांची खोकत येणारी चाहूल. स्वप्नाली फळीपाशी आली, वाकली. मग तिनं डब्याचं झाकण उचलून आत बघितलं. आत अजून साबणासारखा फेस होता. तिनं डबा फिरवला आणि मागच्या बाजूच्या एका ओळीखाली बोट ठेवलं. इंग्रजीत, ठळक अक्षरांत, हा डबा हलवू नये असं लिहिलेलं होतं. "आबांनी पयली हीच ओळ वाचून घेतलती माझ्याकडनं," ती हळूच म्हणाली. "तेंचा विश्वासच बसंना. म्हणले, न हलवता कसलं पॉलिश?" क्रांती त्या ओळीकडं बघत राहिली. पाच वर्षं ही ओळ तिच्या फोनमध्ये होती. तिनं आयुष्यात वाचायचं टाळलेली ती बहुधा एकमेव ओळ असेल.

पिराजीअण्णा आत आले, फळी बघितली आणि त्यांचा आवाज पत्र्याला लागला. "अगं काय केलंस हे! आं? रविवारी उतरायची नाव! आता ही वाळायला दोन दीस, घासायला एक, परत मारायला एक. रविवार गेला म्हण की! कुरुंदवाडकर हसून हसून पाण्यात पडतील. बाळासोच्या हयातीत असा एक डाग..." "अण्णा," स्वप्नाली मधेच म्हणाली, "ताईंचं न्हाय ते. माझ्याकडनं झालं. काल डबा गाडीच्या हुकाला अडकवून आणला, आन् गंगावेशीतनं सगळे खड्डे. हिंदकळला असणार. मी बघायला पायजे हुतं." ते तिनं इतक्या सहज म्हटलं की अण्णांचं तोंड तिच्याकडं वळलंसुद्धा. "तुला अक्कल हाय का गं स्वप्ने? पाच वर्सं काय शिकलीस त्येच्याकडनं?" "चुकलं अण्णा," स्वप्नाली म्हणाली आणि मान खाली घालून उभी राहिली, ओढणीनं हात पुसत.

क्रांतीनं सुटकेचा श्वास घ्यायला हवा होता. पण तिच्या छातीत पुन्हा ते नख लागलं, लक्ष्मीपुरीतल्यापेक्षा जोरात. हिनं आबा हा शब्द घेतला. गाल घेतला. कावीळ घेतली, वरण घेतलं, घाटावरचं रडू घेतलं. चिमणाबाईंचा हात घेतला. आणि आता ही माझी चूकही घेत होती, किती सहज, दुकानातल्या ब्रशसारखी उचलून. डबा छातीशी धरून शंभरपर्यंत मोजणं, ते एवढंच उरलं होतं, आणि तेही आता गाडीच्या हुकाला लागून गंगावेशीच्या खड्ड्यांत गेलं होतं.

"ती खोटं बोलतीय," क्रांती म्हणाली. दोघांनी वळून पाहिलं. "डबा मी हलवला. शंभर वेळा. मोजून." अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं पर का?" "माझं काम हाय ते," क्रांती म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून 'हाय' गेलं आणि तिला ते सावरावंसं वाटलं नाही. "पहिल्यापासनं माझंच हाय. तिचा काही संबंध न्हाय."

स्वप्नाली तिच्याकडं बघत होती, भुवया उंचावून, डोळे ताणून. "कसलं काम, ताई?" तिनं विचारलं. "आबा असलं कधी काय बोलले न्हाईत."

क्रांतीनं तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, ओल्या फळीकडं बघावं तसं. त्यात काही लपवलेलं नव्हतं. पाच उन्हाळे, निबंध, कावीळ, पिवळं वरण, सगळं सांगितलं होतं त्यांनी हिला. मधाचं वादळ सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस सांगितलं नव्हतं.

"कसलं म्हणजे?" स्वप्नालीनं पुन्हा विचारलं.

"सांगेन कधीतरी," क्रांती म्हणाली, आणि आपण हे कधीही सांगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं आबांचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळला, केस टेकणार नाहीत असा खिळ्याला टांगला आणि कुर्त्याच्या बाह्या वर सरकवल्या.

"घासायला कितव्या नंबरचा कागद लागतो?" तिनं विचारलं.